आमच्या परत येण्याचा पुरावा सातबाऱ्यावर आहे : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

माननीय डॉ. एस. जयशंकर साहेब,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार

सविनय नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातला ऊस उत्पादक शेतकरी. साडेचार एकर बागायत, दोन म्हशी, गावात घर. एकुलती एक लेक मिरजेला नर्सिंग शिकली, मग दीड वर्ष खपून बी-२ पातळीपर्यंत जर्मन शिकली आणि आता जर्मनीतल्या स्टुटगार्टजवळच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. जावई तिथंच मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. गेल्या सप्टेंबरात तिचं पहिलं बाळंतपण होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही आपली रीत, पण तिची नोकरी, तिचा विमा, तिचे डॉक्टर सगळे तिकडे. मग माहेरच तिकडे न्यायचं ठरलं. ऑगस्टच्या शेवटी निघायचं, अडीच महिने राहायचं आणि इकडे गळीत हंगाम जोर धरायच्या आत परत यायचं, असा हिशेब केला आणि जुलैत आम्हा दोघांचा शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या थोड्या मुदतीच्या व्हिसाचा, अर्ज भरला.

दोन्ही अर्ज नामंजूर झाले. हे पत्र त्याबद्दल आहे, पण फक्त आमच्या दोघांबद्दल नाही.

कागद जमवण्यात आम्ही कुठे कमी पडलो नाही, हे आधी सांगतो. लेक आणि जावई तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन पगाराच्या पावत्या दाखवून हमीपत्र करून आले. जर्मन कायद्यातलं हे हमीपत्र साधं नसतं. पाहुण्याचा सगळा खर्च, आजारपणसुद्धा, यजमानाच्या अंगावर पडतो आणि तो सरकार वसूल करू शकतं. ३० हजार युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा काढला. परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी पासपोर्टाची मुदत लागते, ती होती. पासपोर्ट काढताना त्रास झाला नाही, तेही लिहिलं पाहिजे. आपल्याच खात्याने २०१७ पासून पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू केली, त्यामुळे आमच्यासारख्यांना पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत.

अडलं ते पुढे. मुंबईच्या व्हिसा केंद्रात सकाळचा स्लॉट मिळाला होता. रात्रीच्या गाडीने गेलो, स्टेशनवरच तोंड धुतलं आणि वेळेआधी रांगेत उभे राहिलो. काउंटरवरची मुलगी माझ्या लेकीपेक्षा लहान असेल, बोलायला चांगली होती. तिने यादीप्रमाणे कागद लावायला घेतले. इन्कम टॅक्सचे रिटर्न? नाहीत. पगाराची पावती? नाही. पेन्शन? नाही. कंपनीचं रजेचं पत्र? साहेब, मला रजा कोण देणार? मी तिच्यापुढे सातबारा ठेवला, आठ-अ म्हणजे नावावरच्या एकूण जमिनीचा खातेउतारा ठेवला, कारखान्याची तीन हंगामांची ऊसबिलं ठेवली, विकास सोसायटीचा दाखला ठेवला. सगळ्याचं इंग्रजी भाषांतर सांगलीत करून, नोटरीचा शिक्का मारून नेलं होतं. तिने ते उलटून पाहिलं आणि म्हणाली, ‘काका, हे यादीत नाही. मी मागे जोडून देते, पण रिटर्न नाहीत असं तुम्हाला लिहून द्यावं लागेल.’ एक छापील कागद पुढे आला. मागितलेली कागदपत्रं दिलेली नाहीत, हे सांगूनही मी अर्ज करतो आहे, अशा अर्थाचा. मी सही केली. माझ्याशेजारी पत्नीनेही केली.

मग बोटांचे ठसे. चार बोटं काचेवर, परत चार, मग दोन अंगठे. माझे ठसे उमटेनात. चाळीस वर्षं पाचट, कोयता, खत, पाण्याच्या मोटारी यांत रेषा झिजल्या आहेत. रेशनच्या दुकानातही मशीन माझा अंगठा सहज घेत नाही. त्या मुलीने बोटांना क्रीम लावायला दिली, ओल्या कागदाने पुसून घेतलं, पाच-सहा वेळा प्रयत्न केला तेव्हा कुठे दहा बोटं पूर्ण झाली.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. छापील फॉर्म, त्यात एका चौकटीत खूण. व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी तुम्ही परत जाल याबद्दल रास्त शंका आहे, असा त्या चौकटीचा अर्थ. दोघांनाही तीच खूण.

मी त्या चौकटीकडे बराच वेळ बघत बसलो. जुलै २०२४ मध्ये लावलेला आडसाली ऊस रानात उभा होता. आडसालीला सोळा-अठरा महिने लागतात, म्हणजे तोड नोव्हेंबर-डिसेंबरात. तोडणीची टोळी आली की मालकाला फडात असावंच लागतं. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे कुणाला द्यायचे, वाहन रानात कुठून घालायचं, बुडख्यांतून पुन्हा फुटणारा खोडवा ठेवायचा की मोडायचा, हे दुसऱ्यावर टाकता येत नाही. अडीच महिन्यांची पाण्याची पाळी भाऊ बघणार होता, म्हशी शेजारी. त्यापुढे एक आठवडाही जास्त राहता आलं नसतं. नोकरदार माणूस नोकरी सोडू शकतो, भाड्याचं घर बदलू शकतो. जमीन कुठे उचलून नेता येते? परत येण्याची खात्री हवी असेल तर शेतकऱ्याइतका बांधलेला माणूस दुसरा नाही. आणि नेमका तोच त्या यादीत बसत नाही, कारण आपल्या आयकर कायद्याप्रमाणे शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. आपल्या देशाने शेतकऱ्याला जी सवलत दिली, तीच परक्या देशाच्या टेबलावर त्याची उणीव ठरते.

मंत्रिमहोदय, कुणाला आत घ्यायचं हा ज्याच्या त्याच्या देशाचा अधिकार आहे, आणि आपण त्यांच्या वकिलातीला हुकूम देऊ शकत नाही, हे मला समजतं. खोटे कागद करून देणारे एजंट आपल्याकडेही आहेत, जाऊन तिकडेच राहणारेही आहेत, त्यामुळे तिथल्या अधिकाऱ्याने तपासून घेतलं तर माझी तक्रार नाही. माझं म्हणणं आहे की त्याने तपासलं पाहिजे. सातबारा वाचला पाहिजे. तो त्याला वाचता यावा एवढी सोय आपण करून देऊ शकता.

कशी, ते लिहितो. युरोपच्या व्हिसा संहितेत, म्हणजे २००९ च्या ८१० क्रमांकाच्या नियमात, अशी तरतूद आहे की प्रत्येक देशात असलेल्या शेंगेन देशांच्या वकिलातींनी एकत्र बसून, तिथली परिस्थिती बघून पूरक कागदपत्रांची यादी ठरवावी, आणि युरोपीय आयोगाने तिला मान्यता द्यावी. ‘तिथली परिस्थिती’ हे शब्द माझ्या दृष्टीने फार मोलाचे आहेत. भारताची परिस्थिती शेतकऱ्याशिवाय कशी सांगणार? आपल्या खात्याने त्यांना एक टिपण द्यावं : शेतीचं उत्पन्न असणाऱ्याकडे रिटर्न का नसतात, सातबारा म्हणजे काय, आठ-अ म्हणजे काय, महसूल खात्याचा डिजिटल सही असलेला उतारा ऑनलाइन कसा पडताळता येतो, साखर कारखान्याचं बिल थेट बँकेत कसं जमा होतं. पंजाबात, तमिळनाडूत याच कागदांना दुसरी नावं असतील, ती त्या त्या राज्यांनी कळवावीत. आणि हे कागद मागे जोडायचे म्हणून न राहता रिटर्नच्या जागी चालतील, असं यादीत लेखी यावं.

दुसरी गोष्ट दाद मागण्याची. जर्मनीने व्हिसा नाकारला तर पूर्वी त्याच कचेरीला फेरविचाराचं पत्र लिहिता यायचं. पैसे लागत नव्हते, वकील लागत नव्हता. १ जुलै २०२५ पासून त्यांनी ही सोय जगभर बंद केली. म्हणजे आम्ही अर्ज भरला त्याच महिन्यात. आता नव्याने फी भरून अर्ज करा, नाहीतर महिन्याच्या आत बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जा. बर्लिनचं कोर्ट, कामकाज जर्मन भाषेत, आणि हातात निकाल येईपर्यंत मूल रांगायला लागलेलं असणार. माणसाने माणसाला ‘तुमचा समज चुकला आहे, हा कागद बघा’ एवढं सांगायची एक खिडकी असावी. निदान आई-वडिलांच्या अर्जांपुरती ती परत उघडावी, असा विषय आपण त्यांच्या मंत्र्यांशी काढावा.

फीबद्दल थोडक्यात. ११ जून २०२४ पासून ती ८० ची ९० युरो झाली. दोघांचे मिळून अठरा हजारांच्या आसपास, सेवाशुल्क वेगळं. नाकारलं तरी परत मिळत नाही. आमच्याकडे पाच टन ऊस घातल्यावर तेवढे हातात येतात. त्याच २०२४ साली भारतातून शेंगेन व्हिसासाठी अकरा लाखांच्या वर अर्ज गेले आणि दीड लाखाहून जास्त नाकारले गेले. आर्मेनिया आणि अझरबैजान यांनी युरोपीय संघाशी व्हिसा सुलभतेचा करार केला आहे. त्यांच्या नागरिकांना ३५ युरो पडतात आणि तिकडे राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकांकडे जायचं असेल तर कागदही कमी लागतात. एवढे छोटे देश हे मिळवू शकतात, तर भारताने का मागू नये? जर्मनीच्या नागरिकाला आपण घरबसल्या ई-व्हिसा देतो, पाच वर्षांचासुद्धा. तो बंद करा असं मी म्हणणार नाही. पाहुण्याला दार उघडं असावं. पण बोलणी करताना ही गोष्ट टेबलावर ठेवायला हरकत नसावी.

एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी एक चांगला निर्णय घेतला, त्याची मला जाण आहे. तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले की दोन वर्षांचा, त्यानंतर पाच वर्षांचा. ज्याला पहिलाच मिळत नाही तो मात्र या जिन्याच्या पायथ्याशीच उभा राहतो. आता तर १२ ऑक्टोबर २०२५ पासून त्यांनी सीमेवर येणाऱ्या-जाणाऱ्याची इलेक्ट्रॉनिक नोंद सुरू केली आहे. कोण मुदतीत बाहेर पडला आणि कोण नाही, हे त्यांना संगणकावर दिसतं. मग एकदा व्हिसा देऊन बघा. आम्ही वेळेत परत आलो की नाही ते तुमच्याच नोंदीत येईल, असं आपण त्यांना आमच्या वतीने सांगू शकता.

आणि हे सांगायचा आपल्याला हक्क आहे, कारण माणसं आपण देतो आहोत. ५ डिसेंबर २०२२ रोजी आपण स्वतः दिल्लीत जर्मनीबरोबर स्थलांतर आणि गतिशीलतेच्या करारावर सही केलीत. पुढे २०२४ मध्ये जर्मनीने भारतातल्या कुशल कामगारांसाठी वर्षाला २० हजारांऐवजी ९० हजार व्हिसा देण्याचं जाहीर केलं. बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी महाराष्ट्राचं भागीदारीचं नातं २०१५ पासूनचं आहे, आणि २०२४ मध्ये तिथे कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करारही झाला. स्टुटगार्ट आणि मुंबई तर १९६८ पासून भगिनी शहरं. आमच्या भागात गावोगावी पोरं जर्मन शिकायला लागली आहेत. नर्सा, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन. त्यातली बहुतेक शेतकऱ्यांचीच आहेत आणि त्यांच्या आईबापांकडेही रिटर्न नाहीत. जी पोरगी रात्रपाळीला जर्मनीतल्या म्हाताऱ्यांची सेवा करते, तिच्या आईला तिच्या बाळंतपणाला जाता येत नसेल, तर पुढच्या करारात आई-वडिलांच्या भेटीसाठी एक परिच्छेद घालून घ्या. पुढच्या पोरी जाण्याआधी घालून घ्या.

नातू झाला. आम्ही मोबाइलवर पाहिला. लेकीला दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिले आठ दिवस जावईच स्वयंपाक करत होता. पत्नी फोनवर सांगायची, अळीव किती भिजवायचे, बाळाला तेल कसं लावायचं, टाळूवर किती. फोन ठेवला की गप्प बसायची. तिने आईच्या जुन्या लुगड्यांची सहा दुपटी शिवली होती. डिंकाच्या लाडवांसाठी खारीक कुटून ठेवली होती. खारीक संपवली. दुपटी बॅगेतच आहेत, बॅग तिने अजून सोडलेली नाही.

उसाला तोड डिसेंबरात आली. त्या दिवशी मी फडात होतो. त्याचं बिल, नवा सातबारा आणि आठ-अ मी या पत्राच्या टपालाने पाठवलेल्या प्रतीसोबत जोडत आहे. या जूनमध्ये आम्ही पुन्हा अर्ज करणार आहोत. तेव्हा काउंटरवर हे कागद पुढे ठेवता यावेत, एवढं आपण करावं.

आपला नम्र,
एक ऊस उत्पादक शेतकरी
ता. वाळवा, जि. सांगली