वरकस, खाचर आणि वाया जाणारे नत्र

संपादक महोदय,

कोकणात उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि तिच्याच पायथ्याशी भाताचे खाचर असते. मध्ये जेमतेम एक बांध, पण नत्राची गत दोन्हीकडे अगदी वेगळी. वरकसात हवा खेळती असल्याने जिवाणू नत्राच्या अमोनियम रूपाचे नायट्रेट करतात आणि ते पावसाबरोबर झिरपत खाली येते. खाचरातला चिखल कापून पाहिला तर वरचा पातळ थर तांबूस, खालचा निळसर करडा दिसतो. प्राणवायू नसलेल्या त्या खालच्या थरात नायट्रेटचा वायू होऊन उडून जातो आणि त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइडचा, म्हणजे शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा असतो. पाण्यात फोकलेल्या युरियाचेही वरच्या थरात अमोनियम, मग नायट्रेट होऊन ते याच वाटेने जाते. तरीही साचल्या पाण्यात युरिया फोकून देणे (आम्हीही वर्षानुवर्षे तेच केले) थांबत नाही. भाताच्या चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचलेली युरियाची ब्रिकेट (दाबून केलेली गोळी) अमोनियम मुळांपाशीच राखते, पण लावणीच्या घाईत ती खोचायला माणसेच मिळत नाहीत.

– एक भातशेतकरी, रत्नागिरी जिल्हा