कार्बन पकडायला वाफ कुठली?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या मित्राचा मुलगा रद्दीपासून खोक्यांचा तपकिरी कागद करणारी छोटी मिल चालवतो. परवा तो एक कोटेशन घेऊन घरी आला. बॉयलरच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायचा, सिलिंडर भरून विकायचा, वर कार्बन क्रेडिटही मिळवायचं. "काका, घेऊ का?" मी बत्तीस वर्षं कागद कारखान्यांत केमिस्ट होतो, त्यातली अकरा चुन्याच्या भट्टीवर, म्हणून विचारायला आला. असली कोटेशनं एकट्या त्याच्याकडेच आली असतील असं वाटत नाही, म्हणून हे पत्र.

वाफेचा आकडा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होता. बॉयलरच्या धुरात हा वायू शेकडा १० ते १५, बाकी बहुतेक नायट्रोजन. तो वेगळा काढायला धूर अमाइन नावाच्या रसायनाच्या द्रावणातून न्यायचा. अमाइन वायूला धरून ठेवतं, पण सोडवायचं म्हटलं की द्रावण शंभर-सव्वाशे अंशांपर्यंत तापवावं लागतं. १ टन वायू सोडवायला दीड ते दोन टन वाफ. आता १ टन कागद ड्रायरवर वाळवायलाही साधारण एवढीच लागते, हे कुठल्याही मिलवाल्याला ठाऊक आहे. म्हणजे वायूसाठी दुसरं मशीन पोसायचं, त्यासाठी जास्त जाळायचं आणि नवा धूर करायचा.

लाकडाचा लगदा करणाऱ्या मोठ्या मिलची गोष्ट वेगळी. तिथे लाकूड शिजवायला वापरलेला कॉस्टिक सोडा परत मिळवायला चुना लागतो आणि उरलेला चुन्याचा गाळ भाजून पुन्हा चुना करतात. १०० किलो कोरडा गाळ भाजला की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडतो, इंधनाचा वेगळाच. हा धूर धुऊन, थंड करून चुन्याच्या दुधात सोडला की पांढरंशुभ्र कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. अमाइन नाही, वाफ नाही. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकर मारली की ती दुधाळ व्हायची, तेच हे. अमेरिकेत १९८६ पासून कागद मिलच्या आवारातच असे प्लँट उभे राहिले. झेरॉक्सच्या कागदात वजनाचा पाचवा हिस्सासुद्धा ही पावडर असू शकते.

आमच्याकडे हा प्रयोग एकदा झाला. मॅनेजमेंटनं धूर धुणाऱ्या स्क्रबरमध्ये काटकसर केली आणि भट्टीची धूळ-काजळी ब्लोअरमधून थेट टाकीत आली. पावडर निघाली राखाडी. मशीनवरच्या फोरमननं रिळाचा एक तुकडा फाडून माझ्या टेबलावर ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेला.

त्यातही एक गोम आहे. पावडरीला लागणारा चुना कुठेतरी भाजलेलाच असतो. तेव्हा उडालेले ४४ किलो परत बसतात, इतकंच. उसने फेडले ते दान म्हणून मिरवण्यातला प्रकार. आणि बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, छोट्या मिलला तेही अवघड, कारण बगॅसमधली सिलिका चुन्याच्या गाळात उतरते आणि तो गाळ पुन्हा भाजायला त्रास देतो. मित्राच्या मुलाकडे तर भट्टीच नाही.

वायूच हवा असेल तर साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीकडे बघा की! मळी आंबताना १ लिटर इथेनॉलमागे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तोही जवळजवळ शुद्ध. गिऱ्हाईक शोधायला लांब जायला नको. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत सिलिकेटच्या वाळूचे कोअर (साच्यात बसवायचे गाभे) कडक करायला हाच वायू लागतो, वेल्डिंगलाही लागतो. शेवटी तो हवेतच जातो हे खरं, पण तो उसानं हवेतूनच घेतलेला असतो.

कोटेशनमध्ये पॉलिहाऊसचा रंगीत फोटोही होता. कॅनडात क्युबेकमधल्या सेंट-फेलिसियनच्या लगदा मिलमधून शेजारच्या काकडीच्या ग्रीनहाऊसला पीक जोमानं वाढावं म्हणून वायू देण्याची सोय उभारली होती, दिवसाला ३० टन पकडायच्या क्षमतेची. पण तिथलं ग्रीनहाऊस थंडीमुळे बंदिस्त. आपल्या शिरोळ तालुक्यातली पॉलिहाऊस उकाड्यामुळे बाजूचे पडदे वर करून चालतात. तिथे वायू सोडणं म्हणजे दार उघडं ठेवून एसी लावणं.

पोराला म्हटलं, आधी ड्रायरचे स्टीम ट्रॅप, म्हणजे वाफ अडवून नुसतं पाणी बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह, तपासून घे. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, चार ट्रॅप गळत होते. कोटेशन माझ्याकडेच विसरलाय, अजून न्यायला आलेला नाही.

आपला,
एक निवृत्त केमिस्ट
राजारामपुरी, कोल्हापूर