बाबा, या गाडीचं इंजिन मार्गात आहे

नागोया,
रविवार

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

"वीज गेली तर ती चुंबकावर तरंगणारी गाडी खाली आदळणार नाही का?" असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि नेमकी आईने जेवायला हाक मारली. इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये आयुष्य घालवलेला माणूसच हा प्रश्न आधी विचारणार. म्हणून उत्तर नीट लिहूनच पाठवते.

आदळत नाही. पण चुंबकावर तरंगणाऱ्या गाड्या दोन जातींच्या आहेत आणि दोघींची कारणं वेगळी आहेत.

पहिली आमच्या शहरालगतची लिनिमो. २००५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली, फुजिगाओका ते याकुसा, जेमतेम ८.९ किलोमीटर, कमाल वेग ताशी १००. तिला मोटरमन नाही, त्यामुळे अगदी पुढच्या काचेशी उभं राहून मार्ग बघता येतो. गाडीच्या खालच्या कडा मार्गाच्या बाजूने उतरून खालून आत वळलेल्या असतात आणि त्यांत विद्युतचुंबक असतात. ते वरच्या पोलादी रुळाकडे खेचले जातात आणि सगळा डबा स्वतःबरोबर उचलतात. फट जेमतेम काही मिलिमीटरची. यातली खरी मेख अशी, की चुंबक रुळाच्या जवळ गेला की ओढ वाढते, म्हणजे मोकळा सोडला तर तो जाऊन चिकटणारच. आणि लांब गेला तर ओढ तुटून डबा खाली बसणार. मधल्या मध्ये तो कधीच आपणहून थांबत नाही. त्यामुळे सेन्सर सतत फट मोजत राहतात आणि त्या मापावर चुंबकातला प्रवाह क्षणाक्षणाला कमी-जास्त होत राहतो. बाहेरची वीज गेली तर अशा गाडीला बॅटरी सावरते. वेग उतरला की ती सावकाश मार्गावर टेकते. शांघायची विमानतळाची गाडी याच जातीची. ३० किलोमीटरचा तो मार्ग, २००४ पासून चालू. वर्षानुवर्षं ती ताशी ४३१ ने धावली, २०२१ पासून ३०० वर आणली आहे.

दुसरी जात जपानची स्वतःची, यामानाशीच्या डोंगरातल्या ४२.८ किलोमीटरच्या चाचणी मार्गावर धावणारी. २१ एप्रिल २०१५ ला तिने ताशी ६०३ किलोमीटर गाठले. तिथल्या प्रदर्शन केंद्राच्या गच्चीवरून ती मी पाहिली. आधी बोगद्याच्या दिशेने नुसता घुमारा येतो, मग पांढरा पट्टा सरकन जातो, आणि मान वळवेपर्यंत समोर काही उरलेलं नसतं.

हिच्यात विद्युतप्रवाहाने रुळाकडे ओढणं वगैरे काही नाही. डब्यांच्या बाजूंना नायोबियम-टायटॅनियमच्या तारांची वेटोळी आहेत, द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड केलेली. इतक्या थंडीत त्या तारेचा रोध शून्य होतो, म्हणजे ती अतिवाहक होते. एकदा प्रवाह सोडला की तो फिरतच राहतो, म्हणून चुंबक विलक्षण ताकदीचे. मार्ग उघड्या नाल्यासारखा, दोन्ही बाजूंना भिंती, आणि भिंतींत इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वेटोळी बसवलेली. या वेटोळ्यांना वीज जोडलेलीच नाही. गाडीचा चुंबक वेगाने शेजारून गेला की त्यांच्यात आपोआप प्रवाह निर्माण होतो. आठाचा खालचा गोल गाडीला वर ढकलतो, वरचा गोल वर खेचतो. म्हणजे उचलणारी गोष्ट वेग आहे. सुरुवातीला गाडी रबरी चाकांवर धावते, साधारण १५० चा वेग आला की चाकं आत घेते आणि सुमारे १० सेंटिमीटरवर तरंगते. वीज गेली तरी वेग असेपर्यंत ती वरच राहणार, आणि वेग कमी होताना चाकं खाली येणार. हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दहा सेंटिमीटर कशाला, तर हा भूकंपाचा देश आहे. मार्ग थोडा हलला तरी गाडी भिंतीला घासायला नको.

आता या दुसऱ्या जातीची ओढणारी मोटर. तुमच्या शेडमधली थ्री फेजची मोटर घ्या, तिचा स्टेटर, म्हणजे बाहेरचा स्थिर भाग, उभा चिरून सपाट उलगडा आणि शेकडो किलोमीटर अंथरा. झाला मार्ग. गाडीवरचे चुंबक म्हणजे आतला फिरणारा रोटर. यासाठी भिंतींत वेगळी वेटोळी आहेत, त्यांना मात्र वीज जोडलेली असते; त्यांना जी फ्रिक्वेन्सी द्याल त्यावर गाडीचा वेग ठरतो, आणि जिथे गाडी असेल तेवढ्याच तुकड्याला वीज मिळते. गाडीत चाकं फिरवणारी ट्रॅक्शन मोटर नाही, वरच्या तारेतून वीज घेणारा पेंटोग्राफ नाही. चाक-रुळाच्या पकडीवर काहीच अवलंबून नाही, म्हणजे चाक घसरणं नाही, वाळू टाकणं नाही. कसारा घाटात १ः३७ च्या चढावर मागून ढकलणारी जादा इंजिनं, बँकर, लावावी लागतात. ही १ः२५ चढते, तेही वेग न सोडता. हे वाचून तुमचे डोळे चमकले असतील, मला माहीत आहे.

पण याच गुणामुळे ती महाग आहे. साध्या रेल्वेत महागडं यंत्र गाडीत असतं आणि रूळ तुलनेने स्वस्त. इथे मार्गाचा प्रत्येक मीटर यंत्राचा भाग आहे, गाडी तिथून दिवसातून कितीही वेळा जावो. म्हणून टोकियो-नागोया अशा भरगच्च वाहतुकीच्या पट्ट्यातच हा खर्च विचारात घेता येतो. तिथला १९६४ चा शिंकानसेनचा, म्हणजे चाकांच्या बुलेट ट्रेनचा, मार्ग गाड्यांनी भरलेला आहे, आणि मोठ्या भूकंपाच्या धोक्याच्या किनाऱ्याने जातो. दुसरा मार्ग हवाच, ही इथली खरी गरज. या तरंगत्या गाडीच्या नव्या टोकियो-नागोया मार्गाने २८६ किलोमीटर ४० मिनिटांत कापायचे आहेत, पण त्यातला सुमारे ८६ टक्के भाग बोगद्यांत. खर्चाचा अंदाज साडेपाच लाख कोटी येनवरून २०२१ मध्ये सात लाख कोटींवर गेला. वाटेतल्या शिझुओका प्रांताच्या लोकांना भीती, की डोंगराखालच्या २५ किलोमीटरच्या बोगद्याने ओई नदीचं पाणी कमी होईल. त्यांच्याकडे या गाडीचं स्टेशनही नाही, नदी मात्र त्यांची. मला त्यांचं म्हणणं पटतं. पाण्याचं उत्तर दिल्याशिवाय डोंगर पोखरायला घेऊ नये. २०२७ ला धावायची ती गाडी २०३४ च्या आधी शक्य नाही, असं २०२४ मध्ये हा मार्ग बांधणाऱ्या रेल्वे कंपनीनेच सांगितलं.

दादा विचारत होता, मग मुंबई-अहमदाबादला चुंबकाची गाडी का नाही? तिथे चाकांची शिंकानसेन घेतली हे बरंच झालं, असं माझं मत. ५०८ किलोमीटरच्या मार्गावर ताशी ३२० पुरेसे आहेत, आणि इतक्या वर्षांत ते तंत्र तावूनसुलाखून निघालंय. शिवाय तरंगणारी गाडी आपल्या मार्गाबाहेर कुठेच जाऊ शकत नाही. भुसावळला नागपूरची गाडी, खांडव्याची गाडी, सुरतेची गाडी एकाच यार्डात वळवता. हिला ते जमणार नाही. तिचं भवितव्य मला मोजक्या मोठ्या शहरांमधल्या स्वतंत्र मार्गांवर दिसतं, आणि हेलियमशिवाय चालणारे नवे अतिवाहक चुंबक, ज्यांची चाचणी इथे चालू आहे, ते रोजच्या वापरात आले तर देखभाल बरीच सोपी होईल. विजेचाही प्रश्न आहे: ५०० च्या वेगाला हवेचा विरोध इतका वाढतो की शिंकानसेनपेक्षा खूप जास्त वीज लागते.

तुम्ही आणि आई वसंतात येणार आहात, तेव्हा लिनिमोत बसूच. यामानाशीच्या चाचणी गाडीत बसायला सोडत असते, तुमच्या दोघांचीही नावं घालते. गुडघ्याचं औषध चुकवू नका. आईला नमस्कार, दादाच्या पिल्लांना गोड पापा.

तुमची,
मेधा