गाडा बुधवारी पोचेल

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

गाडा टेम्पोत चढवलाय. भाडंही चुकतं केलंय, तेव्हा परत पाठवायचा विषय काढू नका. बाबा, आधी विचारलं असतं तर तुम्ही नकोच म्हणाला असतात, आणि शेणखताची पोती पुन्हा पाठीवर गेली असती. ‘हे जरा पडलेत’ एवढंच आई फोनवर म्हणाली, पण आवाजावरून मला काय ते कळलं. आप्पांचं झालं ते पुन्हा बघायची माझी ताकद नाही.

तुमच्याच्याने होत नाही असं मी मुळीच म्हणत नाही. कातळ फोडून कलमं तुम्हीच लावलीत. फक्त उचलायचं काम आता याला करू दे.

कारखान्यातली हायड्रॉलिक लिफ्टची, म्हणजे तेलाच्या दाबावर फळी उचलणारी गाडी आहे. पायाने पेडल मारत राहिलं की फळी कमरेपर्यंत वर येते, वाकायला नको. मूळची पाच इंची चाकं फरशीवरची, आपल्या मातीत रुतली असती. म्हणून रिक्षाचे ४.००-८ चे टायर बसवले. पंक्चर नाक्यावरही निघेल. चाकं चौकटीच्या बाहेर घेऊन आख वरच्या अंगाला वेल्ड केलेत, त्यामुळे फळी उंच झाली नाही आणि गाडा रुंद होऊन पक्का बसला. वेल्डिंग मी स्वतः केलंय. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलीय, आईच्या हाताला टोचणार नाही. तिचे हंडे, सरपण, सगळं यावरून जाईल.

मला पेंढ्यावर बसवून हातगाडी विहिरीकडे उतरवताना तुम्ही कायम वरच्या अंगाला राहून दोर ताणून धरायचात. मला जराही भीती वाटायची नाही. आताही तसंच. उतारावर गाड्याच्या खालच्या बाजूला उभं राहायचं नाही.

क्षमता ३०० किलो आहे, तुम्ही १५० च्या वर जायचं नाही. चिरे एका खेपेला चारच. फळी वर असताना गाडा ढकलायचा नाही, खाली नारळ गडगडत गेला तरी हात घालायचा नाही. तेल ६८ नंबरचं हायड्रॉलिकच. ब्रेक ऑइल घातलंत तर सील फुगतील. खाऱ्या वाऱ्याने फळी उचलणारा दांडा गंजतो, त्यावर तेलाचं फडकं फिरवत जा.

आई, पेडल तू मारायचं नाहीस, गुडघा आठव. आणि गाडा उतरवायला वाडीतली पोरं बोलाव. बाबांना एकट्याने हात लावू देऊ नकोस.

तुमची,
बाय