नाव न कळलेल्या तुम्हा सर्वांचे आभार

आमच्या तान्ह्या लेकीला मेंदूज्वर झाला आणि नेहमीच्या अँटिबायोटिक्सना जंतू दादच देईनात. रक्तातून मेंदूपर्यंत पुरेशी पोहोचणारी औषधं मुळात मोजकी. त्यातलं कोणतं लागू पडेल, हे पाठीतल्या पाण्याच्या कल्चरवरूनच, म्हणजे त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून केलेल्या तपासणीवरूनच कळणार होतं. प्रयोगशाळेत रात्रपाळीला असलेल्या ज्या कुणी छापील रिपोर्टची वाट न बघता थेट वॉर्डात फोन केलात, तुमचे उपकार कसे फेडू? औषध त्याच रात्री बदललं.

सिस्टर, तुमचेही मनापासून आभार. हाताची शीर मिळेना तेव्हा डोक्यावरची किती हळुवार शोधलीत! टाळू वर आली आहे का, हे बोटांनी पुन्हा पुन्हा बघायचात, आणि दरवेळी आधी हात धुऊन.

या आजारानंतर ऐकू कमी येऊ शकतं, म्हणून घरी सोडतानाच श्रवणचाचणीचं बजावणाऱ्या डॉक्टर, चाचणी झाली. तिला छान ऐकू येतं.