तक्रार पत्र : काच भरलेला खडा ‘नैसर्गिक नीलम’ म्हणून विकल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : नीलमाच्या अंगठीत झालेली फसवणूक आणि पूर्ण परताव्याची मागणी
संदर्भ : दि. 9 नोव्हेंबर 2024 चे बिल व आपले दि. 3 मार्च 2025 चे ईमेल

महोदय,

स.न.वि.वि.

मुलीच्या लग्नासाठी आपल्या पुण्याच्या दालनातून आम्ही नीलमाची अंगठी घेतली. बिलात खड्याचे वजन 5.25, दर कॅरेटला 18,000 रुपये आणि खड्याची किंमत 94,500 रुपये अशी नोंद आहे. सोने आणि मजुरी वेगळी. सोबतच्या कार्डावर ‘नैसर्गिक नीलम, सिलोन, काश्मीर ब्लू’ असे छापले आहे. त्या खड्याचे पुढे काय झाले ते मी फोनवर तीनदा सांगितले. उत्तरादाखल आपण एवढेच कळवले की, स्थानिक सोनाराच्या हलगर्जीपणामुळे खडा खराब झाला असून कंपनी त्याला जबाबदार नाही. हे मला मुळीच मान्य नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

लग्नानंतर अंगठी मुलीच्या बोटात सैल होऊ लागली. फेब्रुवारीत ती माहेरी आली तेव्हा आम्ही सांगलीतल्या सराफ कट्ट्यावर आमच्या नेहमीच्या सोनारकाकांकडे गेलो. माझ्या सासूबाईंच्या काळापासून घरातले सगळे दागिने त्यांच्याच हातचे. त्यांनी आधी विचारले, “खडा कोणता आहे, वहिनी?” मी आपले कार्ड दाखवले. ते वाचून, भिंगातून एकदा पाहून ते म्हणाले, “नीलम आहे ना, मग काढायची गरज नाही.” त्यात त्यांचे काय चुकले? नीलम म्हणजे कुरुंद नावाचे खनिज, कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल. आपल्या विक्रेत्यानेही आम्हाला हेच ऐकवले होते : “आयुष्यभर काही होत नाही, मॅडम.” काकांनी कडे थोडे कापले, टाकणखार लावून ज्योतीवर जोड दिला आणि अंगठी साफ करायला आम्लाच्या पाण्यात सोडली.

ती बाहेर काढली तेव्हा मी समोरच बसले होते. खड्यावर पांढुरक्या रेघांचे जाळे उमटले होते, एका पैलूवर तर खरखरीत खळगा पडला होता. निळा रंग जागोजागी विटला होता. काका बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग त्यांनी स्वतःहून सांगितले की, जमेल तसे हप्त्याने पैसे भरून देईन. पासष्टी ओलांडलेल्या त्या माणसाचे हात थरथरत होते. महोदय, खड्यापेक्षा हे मला जास्त लागले.

खडा आम्ही मुंबईच्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत दिला. अहवालाची प्रत जोडली आहे. त्यात स्पष्ट लिहिले आहे : खडा नैसर्गिक कुरुंद, भेगांमध्ये कोबाल्टने रंगवलेली, शिसेयुक्त काच भरलेली. तिथल्या बाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलेही. पांढरे कपडे नीळ घातलेल्या पाण्यातून काढले की शिवणीशिवणीत नीळ साचून राहते ना, अगदी तसा रंग फक्त भेगांत होता. मधला दगड फिकट, जवळजवळ पांढराच. भेगांत बारीक गोल बुडबुडेही दिसत होते. असे खडे 2012 च्या सुमारास बाजारात आले आणि आज अगदी स्वस्तात मिळतात, हेही तिथेच कळले. ही काच ज्योतीने वितळते आणि आम्लाने खाल्ली जाते. लिंबाच्या रसानेसुद्धा तिला धोका असतो.

आपले प्रतिनिधी फोनवर म्हणाले, “स्टोन नॅचरलच आहे.” दगड खाणीतला आहे, एवढ्यापुरते ते खरे. पण आम्ही किंमत मोजली ती रंगाची, आणि तो रंग काचेचा निघाला. खडा तापवलेला असता तर माझी काहीच हरकत नव्हती. बाजारातले बहुतेक नीलम तापवलेलेच असतात. भट्टीत रंग खुलतो, आतली धूसर रेशमी छटा विरते आणि तो बदल कायम टिकतो. तसे सांगून विकले असते तर मी आनंदाने घेतला असता. काच भरलेला आहे असे सांगितले असते, तर कदाचित दोन-तीन हजारांत हौस म्हणूनही घेतला असता, आणि सोनारकाकांनी ज्योत लावण्याआधी खडा कोंदणातून काढून बाजूला ठेवला असता. सांगण्याची जबाबदारी आपली होती. ती आपण टाळली आणि दोष मात्र त्यांच्या माथी मारला.

वजनाचेही तसेच. प्रयोगशाळेत खडा 4.76 कॅरेट भरला. मग बिलातले 5.25 आले कुठून? ती रत्ती आहे. रत्नांच्या बाजारातली पक्की रत्ती 182 मिलिग्रॅमची आणि कॅरेट 200 मिलिग्रॅमचा, म्हणजे सव्वापाच रत्तीचे होतात सुमारे 4.78 कॅरेट. वजन रत्तीत मोजून दर कॅरेटचा लावला, त्यात 8,460 रुपये आमच्याकडून जास्त घेतले गेले. आम्ही काही शनीसाठी खडा घेत नव्हतो, रत्तीचा विषयच निघाला नव्हता.

आणि ते ‘काश्मीर ब्लू’! काश्मिरी नीलम किश्तवाडच्या पाडर भागात 1881 च्या सुमारास सापडले आणि पहिला मोठा साठा काही वर्षांतच संपला. त्या नावाला इतका मान आहे तो त्यामुळेच. रंगवलेल्या काचेच्या कार्डावर ते नाव छापताना निदान विचार व्हायला हवा होता. दालनात मी खात्रीबद्दल विचारले तेव्हा विक्रेत्याने हॉलमार्ककडे बोट दाखवले. हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा असतो, खड्याशी त्याचा संबंध नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्याला नक्कीच ठाऊक असणार.

तरी खड्याचे 94,500 रुपये, जडावाची मजुरी आणि तपासणीचा खर्च हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत परत करावेत. सोनाराच्या हलगर्जीपणाबद्दलचे विधान आपण लेखी मागे घ्यावे, ते पत्र मला त्यांच्या हातात द्यायचे आहे. याच मालातले खडे आणखी ज्यांना विकले असतील त्यांना काचेबद्दल कळवावे, म्हणजे दुसऱ्या कुणाची अंगठी ज्योतीखाली जाणार नाही. असे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि माझी सगळी कागदपत्रे तयार आहेत.

पैसे जमा झाल्यावर खडा आपल्याकडे पाठवीन. अशा खड्यात पुन्हा काच भरता येते, म्हणून पाकिटावर माझ्या हाताने ‘काच भरलेला’ असे लिहीन आणि तशी पोच आपल्याकडून सहीशिक्क्यानिशी घेईन.

कळावे,
आपली ग्राहक,
सांगली

सोबत : बिल, कार्ड, प्रयोगशाळेचा अहवाल, खड्याची छायाचित्रे