ताई, ती लेअरची यादी आता नीट चालतेय

आदरणीय ताई,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानले असते तर "बरं बरं, काम कर" म्हणून तुम्ही विषय संपवला असता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

ऑफिसात वर्षानुवर्षं फिरत असलेली ती ऑटोलिस्पची (ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेची) फाइल आठवते ना? डायलॉगमध्ये, म्हणजे छोट्या खिडकीत, लेअरची (ड्रॉइंगमधल्या थरांची) यादी यायची, हवे ते निवडून ओके दाबायचं, बाकीचे बंद. लिहिली कुणी, कुणालाच ठाऊक नाही. कधी निवडलेल्यांतला एकच लेअर उरायचा, कधी नुसता 'शून्य' नावाचा लेअर, आणि ड्रॉइंगमधल्या सळया-बीम सगळं गायब. शिव्या खायला ऑटोकॅड होतंच. तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि कोड उघडायच्या आधीच विचारलंत, "काहीच न निवडता ओके दाबलं तर?"

मेख तिथेच होती. काही निवडलं नाही की लिस्ट बॉक्स (डायलॉगमधली ती यादी) रिकामी स्ट्रिंग, म्हणजे रिकामा मजकूर देतो. 'एटॉय' हे स्ट्रिंगचा आकडा करणारं फंक्शन तिचा शून्य करतं. यादीची मोजणीही शून्यापासून, म्हणजे प्रोग्रॅमच्या लेखी पहिला लेअर निवडला गेला! आणि क्रमाने लावलेल्या यादीत पहिला असतो तो लेअर शून्य. एकाहून जास्त निवडले तर '२ ५ ७' अशी एकच स्ट्रिंग येते, तिच्यातून एटॉय पहिलाच आकडा उचलतं. तुम्ही त्या स्ट्रिंगला दोन्हीकडून कंस जोडले, 'रीड' या फंक्शनला दिली, आणि आकड्यांची आयती लिस्ट हातात. इतकं सोपं असेल असं वाटलंच नव्हतं.

बटणांचं तुम्ही एका वाक्यात सांगितलंत: "निवड ओकेच्या अ‍ॅक्शनमध्येच काढून घे, डायलॉग मिटवणाऱ्या 'डन डायलॉग'च्या आधी." डायलॉग मिटल्यावर, काय निवडलंय ते सांगणाऱ्या 'गेट टाइल'ला विचारून काही हाती लागत नाही.

'ड्रॉइंगमधून निवडा' हे बटणही तुमच्यामुळेच झालं. डायलॉग उघडा असताना ड्रॉइंगमधलं काही निवडता येत नाही. म्हणून डन डायलॉगला २ द्यायचा, डायलॉग चालवणाऱ्या 'स्टार्ट डायलॉग'कडून तो २ परत आला की वस्तू निवडून घ्यायची आणि लूपमध्ये डायलॉग पुन्हा उघडायचा. १ आला तर ओके, ० आला तर कॅन्सल. पुन्हा उघडताना आधीची निवड 'सेट टाइल'ने परत भरायची, हे तुम्ही जाता जाता म्हणालात. ते नसतं तर पोरांनी मला फाडून खाल्लं असतं.

तुम्ही कीबोर्डला फारसा हात लावला नाहीत, टाइप माझ्याकडूनच करून घेतलंत. तेव्हा थोडा राग आला होता, आता नाही.

आता नवी मागणी आलीय: यादीत डबल क्लिक केलं की ओके व्हावं. त्यात यादीत काय घडलं ते सांगणारा 'कारण' हा आकडा आधी १ येतो, मग ४. चार आल्यावरच डायलॉग मिटेल एवढं जमवलंय. रविवारी घरी असाल तर लॅपटॉप घेऊन येतो, एकदा नजर टाका.

तुमचा,
ऑफिसातला ड्राफ्ट्समन